क्रूझच्या सामानात हमखास राहून जाणाऱ्या वस्तू

निळाई:

माझ्या आजवर चार क्रूझ झाल्या. कपडे, पादत्राणे, पासपोर्ट यांची यादी प्रत्येक जण करतोच आणि त्यातले सहसा काही राहत नाही. राहून जातात त्या भलत्याच वस्तू. घरात किंवा जमिनीवरच्या हॉटेलात ज्या नकळत उपयोगी पडत असतात आणि म्हणूनच ज्यांची कधी आठवण होत नाही, अशा: दाराआडची खुंटी, भिंतीवरचे घड्याळ, पलंगाजवळचा मंद दिवा, ओला कपडा टाकायची दोरी. जहाजाने एकदा धक्का सोडला की पुढचे बंदर येईपर्यंत, लांबच्या मार्गावर कधी सलग पाच-सहा दिवस, बाहेर जाऊन काही आणायची सोय नसते. जहाजावर दुकाने असतात, पण त्यांत मुख्यतः अत्तरे, दागिने आणि भेटवस्तू असतात. शिवाय करमुक्त विक्रीच्या नियमांमुळे जहाज बंदरात उभे असताना ही दुकाने बहुतेक ठिकाणी बंद ठेवावी लागतात.

या धाग्यात नेहमीच्या यादीऐवजी अशा सुटणाऱ्या वस्तूंबद्दल लिहू या आणि ती वस्तू जहाजावरच का लागते हेही सांगू या. कारण ठाऊक असले म्हणजे वस्तू लक्षात ठेवावी लागत नाही.

सुरुवात मी करते. माझ्या बॅगेत सर्वांत आधी जातात ते लोहचुंबकाचे हूक. केबिनच्या भिंती वरून लाकडी दिसल्या तरी बहुतेक जहाजांवर आत पोलादी पत्रा असतो आणि पुष्कळदा छतालाही तोच असतो. आतल्या बाजूची साधी केबिन सुमारे १५ चौरस मीटरची असते. त्यात दोन माणसांनी आठवडाभर राहायचे म्हटल्यावर टोप्या, पिशव्या, ओले पोहण्याचे पोशाख आणि ओळखपत्राच्या दोऱ्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी पडतो. सहा हूक लावले की भिंतीचेच कपाट होते. एक बारकावा मात्र सांगते. वेष्टनावर लिहिलेली वजनाची क्षमता ही हूक छताला चिकटवून वजन सरळ खाली टांगले तर मिळणारी असते. उभ्या भिंतीवर तोच हूक त्यापेक्षा पुष्कळ कमी वजनाला हळूहळू घसरू लागतो. म्हणून जड पिशवी टांगायची असेल तर थोडा दणकट हूक घ्यावा आणि चुंबकाच्या तोंडाला पातळ रबराची चकती लावावी, म्हणजे तो घसरत नाही आणि भिंतीवर ओरखडेही उठत नाहीत. केबिनचे कार्ड मात्र या चुंबकांपासून लांब ठेवावे, कारण कार्डावर चुंबकीय पट्टी असेल तर ती पुसली जाऊ शकते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर असे शक्तिशाली चुंबक बरोबर न नेणेच बरे.

दुसरी वस्तू म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा दिवा, शक्यतो हालचाल ओळखून आपोआप लागणारा. आतल्या केबिनला खिडकी नसते. दिवे मालवल्यावर तिथे जो अंधार होतो तो घरातल्या अंधारासारखा नसतो, डोळे कितीही वेळ उघडे ठेवले तरी काही दिसू लागत नाही. त्यात न्हाणीघराच्या दाराशी उंबरठा असतो, कारण जहाज हलले तरी पाणी खोलीत येऊ नये. माझ्या आईला पहिल्याच क्रूझवर रात्री त्या उंबरठ्याची ठेच लागली आणि पायाचा अंगठा चांगलाच सुजला. पुढचे दोन दिवस ती बंदरावर उतरू शकली नाही. तेव्हापासून मी तो दिवा त्या दाराच्या चौकटीजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावते. दिव्याला मागे चुंबक असेल तर काही चिकटवावेही लागत नाही.

तिसरी वस्तू काट्यांचे साधे मनगटी घड्याळ. याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यात आमची क्रूझ जवळजवळ हुकली होती.

जहाजाची स्वतःची वेळ असते. ती बंदरावरच्या वेळेशी जुळेलच असे नाही. आपला फोन बंदराजवळ आला की किनाऱ्यावरच्या मोबाइल मनोऱ्याची वेळ आपणहून घेतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. उदाहरणच द्यायचे तर मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर वर्षभर एकच वेळ चालते, पण फ्लोरिडात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. फ्लोरिडाहून निघालेले जहाज तिथलीच वेळ पाळत असेल, तर जहाजावर साडेचार झालेले असताना कोझुमेलच्या रस्त्यावर फोन साडेतीन दाखवतो. आमचे अगदी असेच झाले. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही फोनकडे बघून निवांत बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या एका वृद्ध गृहस्थांच्या गळ्यात आमच्याच जहाजाचे कार्ड होते. ते उठले, मनगटाकडे बघितले आणि आम्हाला म्हणाले, “तुम्ही निघत नाही का?” आम्ही त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसलो आणि जहाजाचा जिना काढून घेण्याच्या थोडेच आधी पोहोचलो. जहाज कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते, पण आपले आपण फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. सगळ्यांनी परत चढण्याची वेळ बहुधा सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते, कधी एक तास आधीचीही असते. जहाजावर चढल्याबरोबर मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचे आणि जहाजावरून घोषणा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम झाला आहे.

दीपस्तंभ:

निळाई, चांगला विषय घेतलात. मी बरीच वर्षे जहाजांच्या विद्युत विभागात काम केले आहे, म्हणून विजेच्या सामानाबद्दल लिहितो. क्रूझला जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाची चूक याच बाबतीत होते आणि तीही चांगल्या हेतूने होते.

केबिनमध्ये प्लगच्या जागा कमी असतात, जुन्या जहाजांवर तर एखाद-दुसरीच. म्हणून लोक घरची एक्स्टेंशनची पट्टी घेऊन येतात आणि ती चांगली असावी म्हणून मुद्दाम सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणे वाचवणारा भाग) असलेली आणतात. नेमकी तीच जहाजावर जप्त होते. त्यामागे खरे कारण आहे. जमिनीवर विजेच्या दोन तारांपैकी एक, न्यूट्रल, जमिनीशी जोडलेली असते. जहाजावरची वीजव्यवस्था बहुतेक वेळा तशी नसते, तिथे जहाजाच्या सांगाड्याच्या दृष्टीने दोन्ही तारांवर दाब असतो. घरगुती सर्ज प्रोटेक्टर दोष आला की एकच तार तोडतो. दुसरी तार जिवंत राहते, पट्टी तापत जाते आणि आग लागू शकते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली याच विषयावर सुरक्षासूचना काढली होती. भर समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, कारण अग्निशामक दल बाहेरून येणार नसते. जे आहेत ते जहाजावरचेच खलाशी. इस्त्री, पाणी तापवायची किटली, कपड्यांना वाफ देणारे यंत्र, मेणबत्त्या, अगरबत्ती या वस्तूही याच कारणाने बंद असतात.

मग न्यावे काय? एकाच प्लगमधून चार-पाच यूएसबी तारा निघतील असा छोटा चार्जर, ज्यात सर्ज प्रोटेक्टर नाही आणि लांब वायरही नाही. काही कंपन्यांनी अलीकडे साधी एक्स्टेंशनही बंद केली आहेत, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या जहाजाची मनाई असलेल्या वस्तूंची यादी पाहावीच. प्लगचा आकारही पाहून ठेवावा. पुष्कळ जहाजांवर अमेरिकी आणि युरोपीय असे दोन्ही प्रकार असतात, म्हणून त्यांतल्या एकाला बसणारा अॅडॉप्टर पुरतो. फक्त आपले उपकरण ११० आणि २२० अशा दोन्ही व्होल्टांवर चालणारे आहे का, हे त्याच्यावरच्या बारीक अक्षरांत वाचावे. फोन आणि लॅपटॉप चालतात. केसांची यंत्रे पुष्कळदा चालत नाहीत.

पॉवर बँक न्यावी, बंदरावर दिवसभर फिरताना ती लागते. बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक विमान कंपनीची वेगळी परवानगी न घेता नेता येते. म्हणजे साधारण २७,००० एमएएच.

रानवाटा:

निळाईंच्या हुकांना माझे अनुमोदन. मला मात्र वस्तूंपेक्षा त्या कोणत्या बॅगेत ठेवायच्या हा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. नेलेली वस्तू वेळेला हाताशी नसणे म्हणजे ती विसरल्यासारखेच आहे.

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात. त्या केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होते, कधी रात्रीचे आठही वाजतात. केबिनसुद्धा दुपारपर्यंत तयार नसते. या मधल्या पाच-सहा तासांत आपल्याजवळ असते ती फक्त खांद्यावरची पिशवी. तिच्यात पासपोर्ट आणि कागदपत्रे, त्या दिवसाची सगळी औषधे, चष्मा, चार्जर, पोहण्याचा पोशाख, उन्हाची टोपी आणि एक हलका सदरा एवढे असलेच पाहिजे. पहिल्या दुपारी तरणतलाव जवळजवळ रिकामा असतो आणि पोहायला उत्सुक असलेल्या मुलांचे कपडे बंद बॅगेत, जहाजाच्या पोटात कुठेतरी पडलेले असतात. आमच्या मुलीचा तो चेहरा मला अजून आठवतो.

शेवटच्या रात्री याच्या उलट होते. आदल्या रात्री साधारण अकराच्या आत मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावरच भेटतात. आवरण्याच्या भरात माणसे उद्या सकाळी घालायचे कपडेही त्यांतच भरून टाकतात. आमच्या समोरच्या केबिनमधले एक सद्गृहस्थ सकाळी झोपायच्या कपड्यांत आणि हॉटेलातल्या पातळ सपातांत उतरणाऱ्यांच्या रांगेत उभे होते. बाहेर पाऊस होता. त्यांच्या पत्नीने आपली शाल त्यांच्या खांद्यावर घातली. म्हणून घडी करता येणारी एक रिकामी पिशवी न्यावी. पहिल्या दिवशी ती तळाशी पडून राहते, शेवटच्या रात्री तिच्यात सकाळचे कपडे, बूट, दात घासायचे सामान आणि औषधे जातात.

मोठ्या बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या आपण घरी कागदावर छापतो. त्या हमालीत फाटतात. पारदर्शक प्लॅस्टिकचे पाकीट आणि बारीक तार, किंवा निदान रुंद चिकटपट्टी, जवळ ठेवावी.

औषधी:

मी औषधनिर्माण क्षेत्रात काम करते, म्हणून बोट लागण्याबद्दल लिहिते. औषधे लोक नेतात, पण ती घ्यायची वेळ चुकते. बोट लागण्यावरच्या बहुतेक गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन पाहावी आणि आपल्याला कितपत गुंगी येते ते जाणून घ्यावे. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते आणि ती तीन दिवस काम करते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावी, काचबिंदू असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. पट्टी लावल्यावर किंवा काढल्यावर हात साबणाने नीट धुवावेत. त्या बोटाने डोळा चोळला तर बाहुली मोठी होऊन तासन्‌तास अंधूक दिसते आणि माणूस विनाकारण घाबरून जातो.

आल्याने काहींना बरे वाटते. आल्याच्या वड्या खिशात असाव्यात, पण ज्याला नेहमी बोट लागते त्याने केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये. त्रास होऊ लागला तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहावे. केबिन निवडायची संधी असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

दुसरा मुद्दा हात धुण्याचा. प्रत्येकाच्या पिशवीत हल्ली जंतुनाशकाची बाटली असते आणि तिच्यामुळे निर्धास्त वाटते. जहाजांवर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस पसरतो त्याच्यावर अल्कोहोलचे जंतुनाशक फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय आहे. म्हणून त्या बाटलीबरोबर कागदी साबणाची छोटी डबी ठेवावी, बंदरावरच्या स्वच्छतागृहांत साबण असतोच असे नाही. जलसंजीवनीच्या चार-पाच पुड्याही न्याव्यात.

नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा निदान चार-पाच दिवस जास्तीची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह न्यावीत. वादळामुळे जहाज उशिरा परतू शकते. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते आणि आपले नेमके औषध तिथे असेलच असे नाही. प्रवासविम्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का हे पाहून त्या पानाची प्रत बरोबर ठेवावी.

निळाई:

औषधी, पट्टी लावल्यावर हात धुण्याची गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती. मनापासून आभार. रानवाटा, तुमचा मुद्दा मी वरच्या लेखनात घ्यायलाच हवा होता. कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या आणि दुसरा चष्मा याही त्याच खांद्यावरच्या पिशवीत असाव्यात, एवढी भर घालते.

क्षितिज:

माझा अनुभव थंड पाण्यातल्या आणि उष्ण पाण्यातल्या अशा दोन्ही प्रवासांचा आहे आणि दोन्हीकडे लोक एकाच गोष्टीला फसतात, ती म्हणजे वारा. जहाज २० नॉटच्या वेगाने जात असेल तर हवा पूर्ण स्तब्ध असली तरी डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागतो. समोरून वारा असला तर त्यात तोही मिळवायचा. त्यामुळे उष्ण प्रदेशातही रात्री डेकवर उभे राहायला वारा अडवणारे पातळ जाकीट लागते. आतल्या वातानुकूलित सभागृहांसाठी शाल लागते ती वेगळी. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी नसेल तर ती टोपी पहिल्याच दिवशी समुद्रात गेली असे समजावे. आरामखुर्चीवर टॉवेल धरून ठेवणारे मोठे चिमटे याच वाऱ्यासाठी न्यायचे. एरवी टॉवेल उडून दोन खुर्च्या पलीकडच्या माणसाच्या तोंडावर जातो.

वाऱ्यामुळे ऊन कळत नाही, हे जास्त वाईट. अंग गार लागते आणि कातडी भाजत असते. सनस्क्रीन सगळे नेतात, पण कोणते नेतात ते पाहायला हवे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने प्रवाळांना अपायकारक ठरू शकतात म्हणून हवाईत १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे, पलाऊने तर त्याच्या एक वर्ष आधीच असा कायदा लागू केला. प्रवाळांच्या समुद्रात उतरणार असाल तर झिंक ऑक्साइडचे घ्यावे. ते जरा पांढरट दिसते, पण काम चोख करते. पातळ, लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा असला तर मलमही कमी लागते.

आणि दुर्बीण. ही वस्तू जवळजवळ सगळे विसरतात आणि डेकवर पहिला देवमासा दिसल्याबरोबर सगळ्यांना आठवते. जास्त पटीची दुर्बीण जास्त चांगली असा समज असतो, हलत्या डेकवर मात्र त्याचा तोटा होतो. दहापटीच्या पुढच्या दुर्बिणीत हाताची थरथर आणि इंजिनाची कंपनेही तितक्याच पटीने मोठी होतात आणि चित्र स्थिर राहत नाही. सात किंवा आठ पट पुरे. दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला पट सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ७×५० ही जहाजावरच्या लोकांची जुनी पसंती आहे, पण ती जड असते. प्रवाशाला ८×४२ बरी. मी माझी केबिनच्या दाराजवळच्या हुकाला टांगून ठेवतो, म्हणजे “डावीकडे डॉल्फिन” अशी घोषणा झाली की बॅग उघडण्यात वेळ जात नाही. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीत, एकदा पहाटे साडेचारला जाग आली आणि गॅलरीतून कड्यावरच्या गरुडाचे घरटे, त्यातल्या पिलाच्या मानेवरची लव, इतके स्वच्छ दिसले की मी थंडीत अनवाणी पाऊण तास उभा होतो.

ओंजळ:

मी दोन लहान मुले आणि वयस्कर सासूबाई यांच्यासह जाते, म्हणून माझी यादी थोडी वेगळी आहे. लंगोट वापरणाऱ्या बाळांना पुष्कळ जहाजांच्या तरणतलावांत उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास लंगोट असला तरीही. त्यामुळे फुगवायचा छोटा टब सोबत असला तर बाळाची हौस केबिनच्या न्हाणीघरात भागते. बाळाचे दूध आणि लंगोट पूर्ण प्रवासाचे न्यावेत. वयस्कर माणसांसाठी तळवा न घसरणाऱ्या सपाता आणि काठी असल्यास तिच्या टोकाचे जास्तीचे रबर घ्यावे. ओल्या डेकवर झिजलेले रबर फार धोक्याचे.

एक गंभीर गोष्टही लिहिते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटले. इंजिनांच्या भागात पाणी शिरून दिवे गेले आणि ३२ जण दगावले. त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात जे प्रवासी चढले होते त्यांची सुरक्षेची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांत घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. कवायतीला जाणे तर आलेच. त्या रात्रीचा विचार करून मी सामानात तीन गोष्टी ठेवते: प्रत्येकासाठी एक छोटी टॉर्च, अत्यावश्यक औषधांची आणि चष्म्याची एक लहान थैली आणि बंद बूट. रोज झोपताना हे तिन्ही दाराजवळ एकाच जागी असतात. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज, म्हणजे आणीबाणीचा इशारा, ऐकू आले तर अंधारात काही शोधावे लागू नये. फोनची टॉर्च असते हे खरे, पण तेव्हा फोन चार्जिंगला कुठे लावला आहे हे आठवायला हवे. मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे केबिनमध्ये नसतील तर चढल्याबरोबर मागून घ्यावीत.

सडाफटिंग:

सर्वांचे मुद्दे वाचले आणि बहुतेक पटले. तरी एक मतभेद नोंदवतो. या धाग्यातल्या सगळ्या वस्तू एकत्र केल्या तर वेगळी बॅग लागेल. दारावर टांगायचे कप्प्यांचे कापडी कपाट पुष्कळ जण सुचवतात, मी ते एकदा नेले आणि पुन्हा नेले नाही. दार उघडताना-मिटताना ते आपटते, दाराचा रंग खरवडतो आणि काही जहाजांवर ते लावूही देत नाहीत. निळाईंचे सहा हूक मुठीत मावतात आणि तेच काम करतात. ओळखपत्राला छिद्र पाडून दोरीत ओवायचे असेल तर ते जहाजाच्या स्वागतकक्षात करून मिळते, पंच न्यायची गरज नाही. कपडे वाळत घालायची दोरीही बहुतेक न्हाणीघरांत बसवलेलीच असते, ओढली की बाहेर येते. पण ती एकच आणि आखूड असते आणि आतल्या हवेत कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून पातळ, झटपट वाळणारे कपडे नेले तर प्रश्न मुळातूनच सुटतो. गॅलरीच्या कठड्यावर कपडे टाकू नयेत. ते उडतात आणि अशा कपड्यावर कुणाची जळती सिगारेट येऊन पडली तर काय होईल, हे दीपस्तंभ जास्त चांगले सांगतील.

माझ्याकडून फक्त दोन वस्तूंची भर. पहिली, मेणाचे किंवा फोमचे कानातले बोळे. जिथे धक्का नसतो तिथे जहाज नांगर टाकते आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेते. पुढच्या भागातल्या केबिनला पहाटे नांगराच्या साखळीचा जो खडखडाट ऐकू येतो त्याने माणूस पलंगावरून उठून बसतो. दुसरी, तोंड घट्ट बंद होणाऱ्या चार-पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याच छोट्या बोटीत पाण्याचे तुषार येतात तेव्हा फोन आणि पासपोर्ट त्यांत जातात, परतताना ओले कपडे जातात.

दीपस्तंभ:

सडाफटिंग, तुमचे म्हणणे बरोबर आहे, गॅलरीतल्या सिगारेटमुळे आगी लागल्याची नोंद आहे. कपडे आतच वाळवावेत.

पानगळ:

कागदपत्रांबद्दल अजून कोणी लिहिले नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने असावी, पुष्कळ देशांचा तसा नियम आहे. व्हिसाचा एक पेच नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ग्रीसमधून चढून मध्येच तुर्कस्तानच्या बंदराला जाऊन परत ग्रीसला यायचे असेल, तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) लागणाऱ्याने तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा घ्यायला हवा, कारण तुर्कस्तानला जाताना त्याची नोंद शेंगेनबाहेर पडल्याची होते. जहाज एकच असले तरी सीमा बदलत असतात.

पासपोर्टच्या छायाप्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. रोज सायंकाळी पुढच्या दिवसाचा जो कार्यक्रम हाती येतो किंवा जहाजाच्या अॅपवर दिसतो, त्यात त्या बंदरावरच्या जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. तो आणि परत चढण्याची वेळ एका कागदावर लिहून खिशात ठेवावी. जहाज चुकले, फोन बंद पडला किंवा चोरीला गेला तर तो कागदच कामी येतो. यासाठी छोटी वही आणि पेन लागते. पेन ही वस्तू किती क्षुल्लक वाटते, पण उतरण्याच्या सकाळी फॉर्म भरायच्या रांगेत दर दहा माणसांमागे एकाकडेच पेन असते.

फोनबद्दल एवढेच की जहाजाने किनारा सोडल्यावर तो एअरप्लेन मोडवर ठेवावा. जहाजाचे स्वतःचे उपग्रहाद्वारे चालणारे मोबाइल जाळे असते, फोन त्याला आपोआप जोडला जातो आणि घरी आल्यावर मोठे बिल हाती पडते. बंदरांचे नकाशे निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावेत.

निळाई:

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी माझी यादी आज पुन्हा लिहिली. हूक सहाच्या ऐवजी आठ झाले, कारण दुर्बीण आणि टॉर्चची थैली यांना आता स्वतंत्र जागा दिली आहे. कापडी कपाट काढले. कागदी साबण, टोपीची दोरी आणि घडीची रिकामी पिशवी नव्याने आली.

पुढच्या महिन्यात आई पुन्हा माझ्याबरोबर येते आहे. तिच्यासाठी मी काल दोन दिवे आणले, एक न्हाणीघराच्या उंबरठ्यासाठी आणि एक तिच्या पलंगाच्या पायथ्याशी. रात्री घरातले सगळे दिवे मालवून तिला दोन्ही लावून दाखवले. पलंगावरून पाय खाली टाकताच पहिला लागतो आणि तीन पावले गेल्यावर दुसरा. परत आल्यावर इथेच लिहीन.